सिस्टरांच्या खोलीचं काय झालं

जुन्नरच्या ज्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली, तिथं बाळंतिणींच्या वॉर्डामागं एक खोली होती. खोली आपली म्हणायची म्हणून. एक लोखंडी कॉट, भिंतीला खुंट्या, पारा उडालेला आरसा, कोपऱ्यात स्टोव्ह आणि चहाचं पातेलं. खिडकी मागच्या बोळात उघडायची आणि तिची एक झडप फुगलेली असल्यामुळे कधीच नीट लागायची नाही. दारावर पाटी नव्हती. 'खोलीत आहे' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. बाहेरगावाहून एस.टी.नं येणाऱ्या आम्ही सगळ्याजणी तिथं घरची साडी बदलून पांढरी नेसायचो, पावसाळ्यात ओल्या साड्या तिथंच वाळत घालायचो, आणि डबा खायला वेळ मिळालाच तर त्या कॉटवर बसून खायचो. हे सगळं सांगते आहे, कारण पुढं आमच्या दवाखान्यात ज्या सुधारणा झाल्या त्यांची सुरुवात या खोलीपासून झाली. 'सुधारणा' हा शब्द ऐकला की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या अलीकडचं. सासर राजुरीचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली, आणि ती तीन महिन्यांची व्हायच्या आत रजा संपली. नवरा पिंपरीकडं कंपनीत, सुट्टीला घरी यायचा. घरात सासरे, त्यांच्या राहिलेल्या थोड्या मेंढ्या, आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. नोकरी सोडायची की नाही यावर घरात फार चर्चा झाली नाही. आत्याबाईंनी एका वाक्यात निकाल लावला.

"तू जिथं जाशील तिथं पोरगी यील, आन् पोरगी यील तिथं मी यीन. त्यात काय येवढं?"

झालं. सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघी जुन्नरला यायला लागलो. मी, आत्याबाई आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. आत्याबाईंची धाकटी बहीण जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या आळीत राहायची. दिवसभर आजी आणि नात तिच्याकडं. दुपार झाली की आत्याबाई पोरीला खांद्यावर टाकून चालत दवाखान्यात यायच्या, मागच्या बोळातून खोलीपाशी यायच्या आणि फुगलेल्या झडपेवर बोटानं टकटक करायच्या. वॉर्डात मला ती टकटक ऐकू यायची. खरं तर टकटक व्हायच्या आधीच माझ्या अंगाला कळलेलं असायचं.

मग आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज, चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "जा, पाजून ये. मी बघते."

हा आमच्यातला जुना रिवाज होता. जिचं मूल अंगावर पितं, तिचा वॉर्ड तेवढ्या वेळापुरता दुसरीनं बघायचा. कुणी हिशेब ठेवला नाही की कुणी उपकाराची भाषा केली नाही. मोठ्या सिस्टरांची दोन्ही मुलं त्याच कॉटवर पिऊन वाढली होती आणि तेव्हा त्यांचा वॉर्ड जिनं बघितला, ती बाई कधीच रिटायर होऊन गेली होती. मी दाराला आतून कडी घालायचे, भिंतीला टेकायचे, मुलगी प्यायची आणि आत्याबाई स्टोव्हवर चहा टाकायच्या. एवढंच. त्या वर्षात मला मिळालेलं सगळं सुख त्या दारामागं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

अशात दवाखान्याला सुधारायचं ठरलं.

दवाखाना ट्रस्टचा. ट्रस्टींनी कुठंतरी ऐकलं, की आई-बाळाची नीट काळजी घेणाऱ्या दवाखान्यांना 'बाळस्नेही' असं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दर्शनी भागात लावता येतं. लगेच पुण्याहून एक सल्लागार आणले गेले. माणूस वाईट नव्हता. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला जमवून सांगितलं, "सिस्टर, हा कार्यक्रम तुमचाच आहे. याच्या केंद्रस्थानी तुम्ही आहात." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. मला वाटलं, चला, पोरांना अंगावर पाजा म्हणून सांगणारा कार्यक्रम आहे, म्हणजे आपल्यासारखीचं भलंच होणार. तेवढी भाबडी मी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा दवाखाना फिरून बघितला. ते आमच्या वॉर्डाकडं आले तेव्हा दोन बाळंतपणं एकाच वेळी अडकली होती आणि आम्ही साऱ्याजणी आत होतो. त्यांनी मागं जाऊन खोली बघितली. खोली रिकामी होती. त्यांनी टिपून घेतलं, 'वापरात नसलेली जागा'. आम्ही कामात होतो म्हणून खोली रिकामी होती. आम्ही कामचुकार असतो आणि तिथं गप्पा छाटत बसलेल्या सापडलो असतो, तर शिव्या खाल्ल्या असत्या, पण खोली वाचली असती.

आठवड्याभरात कॉट भंगाराच्या शेडमध्ये गेली. स्टोव्ह शिपायानं उचलला. खुंट्या उपटल्या, भिंतींना फिकट गुलाबी रंग दिला, आणि माझ्या इतक्या दिवसांच्या तक्रारीला न जुमानणारी ती खिडकीची झडप सुताराकडून तासून घेतली. दारावर पितळी पाटी लागली, 'गुणवत्ता कक्ष'. आत काचेचं टेबल, फिरती खुर्ची, गालिचा. भिंतीवर हसऱ्या आईचं आणि गुटगुटीत बाळाचं चित्र, त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. आणि कॉट होती त्या जागी एक बाक, त्यावर उशी, आणि उशीवर रबराची बाहुली. बाळाला छातीशी कसं धरायचं हे बाळंतिणींना दाखवायला ती आणली होती. तिला टोपडं घातलं होतं.

मी पहिल्यांदा आत गेले आणि ती बाहुली बघून तिथंच उभी राहिले. माझ्या मुलीची जागा होती ती. रबराच्या पोरीला पंखा होता, गालिचा होता, आणि माझी पोरगी, आत यायला खोलीच उरली नाही म्हणून, आजीसोबत बाहेर उन्हात फाटकाशी होती. मला त्या बाहुलीला खिडकीतून बोळात फेकावीशी वाटली. फेकली नाही. टोपडं नीट केलं आणि बाहेर आले.

सल्लागारांना मी विचारलं, "सर, आता सिस्टरांनी बसायचं कुठं?"

"बसायचं?" त्यांना खरंच कळेना. "ड्युटीवर आहात ना सिस्टर तुम्ही?"

मी सांगितलं, की माझं बाळ लहान आहे, दुपारी पाजावं लागतं. इतकं परक्या पुरुषाला सांगतानाच माझे कान तापले होते. त्यांनी मात्र अगदी समजून घेतल्यासारखी मान हलवली. "फार छान मुद्दा आहे. लिहून सूचना पेटीत टाका." सूचना पेटी नवीनच लावली होती, हिरवी, कुलूप असलेली. मी लिहून टाकलं. पुढच्या बैठकीत ती सूचना सगळ्यांसमोर वाचली गेली, कर्मचारी किती मोकळेपणानं बोलू लागलेत याचं उदाहरण म्हणून. पुन्हा टाळ्या झाल्या. 'पुढच्या टप्प्यात विचार करू', असं ठरलं. तो टप्पा आजपर्यंत मला दिसलेला नाही.

मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "तू जा गं कुठंही, मी बघते वॉर्ड." पण जायचं कुठं? चार-सहा दिवस धुवायच्या चादरींच्या कोठीत जाऊन पाजलं. बाळंतिणींच्या रक्ताच्या, घाणीच्या चादरींचे ढीग, आणि त्यात मी तीन महिन्यांचं पोर घेऊन बसलेली. हे स्वच्छतेच्या नियमात बसत नाही म्हणून कोठीला कुलूप लागलं. नियम बरोबरच होता, मलाही पटत होता, हाच तर त्रास. मग बाथरूम. तिथं एकदा गेले. आत्याबाई दारातच थांबल्या.

"संडासात बसून तू जेवशील का?" त्यांनी विचारलं. "मंग पोरीला कशापायी जेवू घालतीस?"

मी पोरीला घेऊन तशीच बाहेर आले. बाहेर झाडाखाली बसले असते, पण फाटकाशी रिक्षावाले, नातेवाईक, पानाची टपरी, आणि मी पांढऱ्या साडीतली सिस्टर. शिवाय ड्युटीवर आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियमही आता फलकावर होता. पूर्वीही तो होता म्हणा, पण तेव्हा तो डोक्यात होता आणि डोकं वापरायची मुभा होती.

पोरीला बाटली लागली ती अशी. आत्याबाईंच्या बहिणीनंच बाजारातून आणली. गाईचं दूध, त्यात पाणी. मला कळलं त्या दिवशी मी आत्याबाईंवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "रडून रडून तिची टाळू वर-खाली व्हाया लागली व्हती. तू आत आन् मी भाहेर. मी काय करू, सांग." मी एस.टी.त खिडकीकडं तोंड करून रडले. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले ते आत्याबाईंनी दिले.

दिवसभर मी वॉर्डात फिरून बाळंतिणींना शिकवत होते. बाळाचं तोंड असं धरा. मागेल तेव्हा पाजा. बाटली म्हणजे विष, घरात आणू नका. हे सगळं खरं होतं आणि माझ्या तोंडपाठ होतं. दुपार झाली की माझी छाती दगडासारखी व्हायची, कुणाचंही बाळ रडलं की दूध यायचं, पांढऱ्या साडीवर डाग दिसायचे. मी ब्लाउजमध्ये कापूस घालायचे आणि मोरीत जाऊन दूध पिळून टाकायचे. नळ सोडायचा, दूध जाळीतून खाली जायचं. तेव्हाच फाटकाबाहेर माझी मुलगी पाणी घातलेलं दूध पीत असायची. मला इतका राग यायचा, की दात दुखायचे. कुणावर काढणार? सल्लागार रोज हसून 'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणायचे.

आत्याबाईंना मात्र सगळ्यांत आश्चर्य याचं वाटायचं, की एवढी शिकलेली माणसं हे करतात तरी कशी. "अगं, यालेल्या मेंढीला आमी रानात धाडत न्हाई," त्या म्हणायच्या. "धाडली तर कोकरू संगं धाडतो. कळप हाकणाऱ्याला येवढं तर कळाया पायजे का न्हाई?"

मग तपासणीचा दिवस आला. पुण्याहून समिती येणार, दोन डॉक्टर बाई आणि एक साहेब. आदल्या दिवशी दवाखाना धुऊन काढला. दारात रांगोळी. आम्हाला नव्या पांढऱ्या साड्या, छातीवर बिल्ले. आणि फाटकावरच्या वॉचमनला ताकीद, की आवारात दुधाची बाटली दिसता कामा नये. बाटली सापडली तर प्रमाणपत्र गेलंच म्हणून समजा. हा नियम जुनाच होता, पण त्या दिवशी वॉचमननं तो जिवावर घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या पिशव्या तो तपासत होता.

आत काय चाललं होतं ते मला माहीत आहे. फाटकात काय झालं ते नंतर वॉचमनकडूनच कळलं. आत्याबाई नेहमीसारख्या फाटकाशेजारी येऊन बसल्या आणि पिशवीतून बाटली काढली. वॉचमननं ती हातातून घेतली.

"आजी, बाटली नाय चालायची. ऑर्डर हाय."

"मंग तिच्या आईला भाहेर धाड."

"ड्युटीवरच्या सिस्टरला भाहेर कसं धाडणार?"

"मंग मला आत सोड."

"आज कुनालाच न्हाई सोडायचं. समिती आलीय, आईचं दूध पाजतात का न्हाई ते बघाया."

यावर आत्याबाई उठल्या म्हणे. पोरीला काखेत मारलं आणि चालायला लागल्या. त्यानं आडवा हात घातला, तेव्हा म्हणाल्या, "आई आत कोंडलीय, बाटली तू घेतलीस. आता हात बाजूला घे, न्हाई तर पोरगी तुज्याच मांडीवर दिते, तू पाज." त्यानं हात बाजूला घेतला.

मी वॉर्डाच्या मधोमध उभी होते. समितीतल्या वयस्कर डॉक्टर बाई मला प्रश्न विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते. शेजारी आमचे मोठे डॉक्टर, सल्लागार, ट्रस्टी. बाळाला फक्त आईचं दूध किती काळ? सहा महिने. आई कामावर जात असेल तर? मी तोंड उघडलं. याचंही उत्तर पाठ होतं, आणि तेवढ्यात दारातून माझ्या मुलीचं रडणं आलं. आईला आपल्या पोराचं रडणं ओळखू येतं, त्यात विशेष काही नाही. पण माझ्या नव्या साडीवर, बिल्ल्याच्या खाली, सगळ्यांदेखत ओला डाग पसरला. मला जमीन दुभंगावी असं झालं. आत्याबाई सरळ माझ्यापर्यंत आल्या, पोरगी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घे, पाज आधी. भाषण मागनं कर."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, गेली नोकरी. आणि खरं सांगू, एक क्षण मला बरंही वाटलं. आता विचारतील, मुलीला बाहेर का बसवलं होतं, खोली कुठं गेली, आणि मी सगळं सांगून टाकीन. तोंडापर्यंत आलं होतं.

पण त्या डॉक्टर बाईंनी हात जोडले. "वा!" त्या म्हणाल्या. "म्हणजे स्टाफच्या बाळांनाही इथं आत येऊ देता तुम्ही! हे आम्ही कुठंच बघितलं नाही."

सल्लागारांनी क्षणही दवडला नाही. "आमचा आग्रहच असतो, मॅडम." त्यांनी शिपायाला पिटाळलं आणि गुणवत्ता कक्षातली फिरती खुर्ची आली. मला तीत बसवलं. पदर सावरून मी मुलीला घेतलं. भुकेनं तिनं इतका जोर लावला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रस्टींनी फोटोग्राफर बोलावलेलाच होता. मोठ्या सिस्टर माझ्यापुढं आडोशाला उभ्या राहिल्या, तर त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पदर पुन्हा नीट केला गेला. फोटोग्राफर म्हणाला, "सिस्टर, जरा हसा की."

मी हसले. पोटाशी पोर दूध पीत होतं, मला मोकळं वाटत होतं, हसू आपोआप आलं. बोलायचं राहून गेलं. कुणी काही विचारलंच नाही.

संध्याकाळी एस.टी.त आत्याबाई खुशीत होत्या. "बघ, नुसती आत यायची खोटी व्हती," त्या म्हणाल्या. "मानसं काय वंगाळ न्हाईत. त्यास्नी कुनी दावलंच नव्हतं." मलाही तसंच वाटलं. उद्यापासून दुपारी वॉर्डात बसूनच पाजायचं, असं आम्ही ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई मोठ्या रुबाबात फाटकातून आत निघाल्या. वॉचमननं अडवलं.

"आजी, काल पाव्हणं व्हतं," तो म्हणाला. त्याचाही नाइलाज होता, आवाजावरून कळत होतं. "आज न्हाई जमायचं." आदल्या दिवशी घेतलेली बाटली त्यानं खिडकीत धुऊन ठेवली होती. ती त्यानं परत दिली.

मी मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, काल अपवाद होता, वॉर्डात गर्दी नको. मग खोली द्या, मी म्हटलं. ते म्हणाले, कक्ष आता समितीला दाखवलेला आहे, तो बदलता येत नाही. त्यानंतर महिन्याभरात पोरीनं माझ्याकडं तोंड फिरवलं. बाटलीचं दूध सोपं येतं, ओढावं लागत नाही. संध्याकाळी घरी आले की मी तिला घ्यायचे आणि ती पाठ ताणून रडायची, आजीकडं हात करायची. मी बाळंतिणींना सांगायचे की असं होतं, म्हणून बाटली देऊ नका. आपल्या अंगावर आलं तेव्हा कळलं, ती किती जोरात तोंड फिरवते. सहा महिने व्हायच्या आत माझं दूध आटलं.

प्रमाणपत्र मात्र आलं. मोठा समारंभ झाला, आम्हाला प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला. तो खायला बसायचं कुठं, हे कुणी सांगितलं नाही. प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लागलं आणि त्याच्याशेजारी मोठ्या चौकटीत माझा फोटो. खाली नाव नाही. 'आमच्या परिचारिकाही मागे नाहीत', एवढंच. येता-जाता मला तो बघावा लागायचा. पुढं पुढं मी बघणं सोडून दिलं.

सल्लागार दुसऱ्या कुठल्या दवाखान्याला सुधारायला गेले. त्यांच्यामागून दुसरे आले, तिसरे आले. कधी हसतमुख सेवा, कधी वेळेचं नियोजन, कधी आणखी काही. एकदा तर सिस्टरांसाठी तणावमुक्तीचं शिबिर झालं, तेही आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. मांडववाल्याच्या खुर्च्या आणल्या होत्या. डोळे मिटून आपल्याला शांत वाटतं अशी जागा आठवा, म्हणून बाईंनी सांगितलं. मला फुगलेली झडप आणि स्टोव्हचा आवाज आठवला. डोळे उघडून मी शेजारणीकडं बघितलं, ती गाढ झोपली होती. शिबिर संपल्यावर खुर्च्या टेम्पोत भरून परत गेल्या.

दोन हजार सालानंतर मोठ्या सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांच्या जागी मी इनचार्ज झाले. मोठे डॉक्टर बदलले, ट्रस्टी बदलले, दवाखान्याला एक तरुण व्यवस्थापक आले, कॉम्प्युटरवाले. आणि एक दिवस मढ गावाकडची एक पोरगी, आमच्याकडचीच सिस्टर, बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. दुपारी तिला मी मोरीत बघितलं. नळ सोडलेला होता. मला काही विचारावं लागलं नाही.

मी तशीच व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. खोली मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी आदरानं. मग उठून मला दर्शनी भिंतीपाशी नेलं आणि चौकटीवर बोट ठेवलं.

"सिस्टर, आपल्याकडं ही सोय सुरुवातीपासून आहे की. बघा ना. कधीची परंपरा आहे आपली! आणि केवढी समाधानी दिसतेय ती सिस्टर."

"साहेब," मी म्हटलं, "ती मी आहे."

त्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, पुन्हा फोटोकडं. आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे वा! मग तुम्हाला तर माहीतच आहे."

मला ओरडायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं ओरडायचं होतं, पण त्या पोराला काय ओरडणार? मी त्या फोटोत हसले होते. ते हसू खरं होतं, हेच मला सहन होईना.

मग मी म्हटलं, "साहेब, गुणवत्ता कक्षात फार धूळ साठते. समिती कधीही येईल. रोज दुपारी माझ्या देखरेखीखाली झाडून घेत जाऊ का?"

"उत्तम!" ते म्हणाले. "ही खरी सुधारणा." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली, की मढच्या पोरीची आई तिचं बाळ घेऊन बोळातून यायची आणि खिडकीवर टकटक करायची. मी हातात झाडू घेऊन वॉर्डातून निघायचे, सगळ्यांना दिसेल असा. कुलूप काढायचे, बाकावरची बाहुली उचलून काचेच्या टेबलावर ठेवायचे आणि त्या पोरीला बाळासकट आत घेऊन बाहेरून दार ओढून उभी राहायचे. आत कडी लागायची. कुणी आलं तर सांगायचे, कक्षाची सफाई चालू आहे. खोली आमची होती. तिच्यात शिरायला मला झाडू लागत होता. तिच्यानंतर दुसऱ्या पोरी आल्या; आतून दूध पिणाऱ्या पोराचा आवाज यायचा, आणि रिटायर होईपर्यंत तो कधी मला दाराकडं पाठ केल्याशिवाय ऐकता आला नाही.